वर राहिलेलं बकेट

१

सख्ख्या भावाला भोंग्यावरून चोर म्हटलेलं ऐकायची दुर्बीणकाकूंच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. ती शेवटचीही असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तसं सरळसरळ 'चोर' कुणी म्हटलं नव्हतं म्हणा. लिलाव करणाऱ्यांची जीभ मोठी गुळगुळीत. "सर्वांनी लक्ष द्या. पिवळ्या लोडरचा सेल्फ काल रात्री यार्डातून नाहीसा झाला आहे. रखवालदाराला कामावरून काढण्यात आलं असून लिलाव संपताच त्याला पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल. सदर लोडर आता भंगाराच्या रांगेत विकला जाईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." भोंगा खरखरला आणि गप्प झाला. यार्डभर पसरलेली माणसं फाटकाकडे वळून बघू लागली. फाटकापाशी रखवालदाराची खुर्ची होती, आणि खुर्चीत दादा मान खाली घालून बसला होता.

"अहो, धरा ही," म्हणत काकूंनी गळ्यातली दुर्बीण काढून काकांच्या हातात कोंबली. काकांच्या एका हातात घडीची खुर्ची होती, दुसऱ्यात चहाचा थर्मास. दुर्बीण त्यांनी हनुवटीखाली धरली. बायकोच्या नाकाचा शेंडा लाल झाला की प्रश्न विचारायचे नसतात, एवढं शहाणपण त्यांना कापडाच्या दुकानात तिच्या शेजारी उभं राहून आलं होतं.

काकूंचा छंद लोकांना हसू आणणारा. कुणी पक्षी बघतं, कुणी तारे बघतं, काकू जुने ट्रक बघायच्या. ट्रक, डंपर, क्रेन, रोलर, जे काही घाम गाळून म्हातारं झालंय ते सगळं. कुठे लिलाव असो की जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, काकू हजर. लांबून नुसता बोनेटचा उतार बघून गाडीची पिढी सांगायच्या. दुकान मुलाकडे सोपवल्यापासून तर त्यांना रानच मोकळं मिळालं होतं.

पण हा पिवळा लोडर म्हणजे छंद नव्हे, घरचं माणूस. पुढे दोन जाडजूड लोखंडी हात, हातांच्या टोकाला दातेरी बकेट, आणि रंग उडून उडून बिस्किटासारखा झालेला. खाणीत सगळे त्याला 'म्हातारी' म्हणायचे. आधी काकूंचे वडील म्हातारी चालवायचे, मग दादा. खाण बंद पडली, मशिनं लिलावाच्या यार्डात आली, आणि त्यांच्यामागे दादाही रखवालदार होऊन आला. फाटकाशेजारच्या खोलीतच त्याचं सगळं बिऱ्हाड होतं.

आता नोकरी गेली, खोली गेली, आणि नावाला लागला तो डाग वेगळाच. या धंद्यात एका यार्डाने चोर म्हटलेल्या माणसाला दुसरं यार्ड पाणीसुद्धा विचारत नाही. आणि म्हातारी? लिलावाचा नियम साधा होता. जे मशीन स्वतःच्या किल्लीनं सुरू होऊन रिंगणात एक फेरी मारेल ते 'चालू'. जे सुरू होणार नाही ते भंगार, वजनावर विकायचं. भंगाराच्या रांगेपलीकडे गॅसकटरच्या नळकांड्या तयारच होत्या.

काकू फाटकाकडे निघाल्या ते थेट भावासमोर जाऊन थांबल्या.

"दादा, माझ्याकडे बघ. तू घेतलास?"

"चिमणे!" दादानं मान वर केली. डोळे तांबारले होते. "तूसुद्धा विचारतेस?"

"विचारून मोकळी झाले. आता बाकीच्यांना विचारते."

२

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी मोटर. चांगली लहान मुलाएवढी वजनदार वस्तू. ती नसली की एवढं थोरलं धूड किल्ली कितीही फिरवा, हूं की चूं करत नाही. आणि म्हातारीचा सेल्फ म्हणजे दुर्मीळ चीज, तो बनवणारेसुद्धा कधीच काळाच्या पडद्याआड गेलेले.

"काल सकाळी मी स्वतः सुरू करून दाखवली," दादा सांगत होता. म्हातारीभोवती दोरी बांधून टाकली होती, दोघं दोरीबाहेर उभे होते. "बकेट जमिनीला टेकवलं, किल्ली आत ठेवली. बघायला येणाऱ्यांनी सुरू करून बघायचं असतं ना, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या आतच असतात. मग मी जो फाटकावर बसलो तो यार्ड बंद व्हायची घंटा होईपर्यंत. बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी, प्रत्येक डिकी उघडून बघितली. लघवीलासुद्धा उठलो नाही."

"आणि घंटा झाल्यावर?"

"किल्ल्या गोळा केल्या, पेटीत टाकल्या, कुलूप. फेरी मारली. बकेट वर होतं, ते बघितलं मी."

काकूंनी मान वर केली. बकेट अजूनही वरच होतं, पार हात पुरणार नाही इतकं उंच. मागच्या आभाळावर त्याची काळी पाठ दिसत होती.

"मग खाली का नाही केलंस? बाबा काय म्हणायचे? मशीन सोडायचं तर बकेट जमिनीवर. लोंबतं ठेवायचं नाही."

"घंटेनंतर मशीनला हात लावायचा नाही, असा साहेबांचा नियम आहे. आणि बघायला येणारे लोक फोटोसाठी करतात वर, तसेच सोडून जातात. नेहमीचंच आहे ते." दादानं खांदे पाडले. "नियम पाळला, चिमणे. त्याचं हे बक्षीस."

"रात्री काही आवाज?"

"कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. साहेब म्हणतात, कुणी आवाज केला नाही म्हणजे आतल्याच माणसाचं काम. माझी खोली उचकटली. गादी फाडून बघितली." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

काकूंना गहिवरून आलं, आणि गहिवराच्या जागी लगेच संताप आला. गादी फाडली! ज्या माणसानं उभ्या जन्मात यार्डातला खिळा खिशात घातला नाही, त्याची गादी!

"ए बाई! दोरीपासून लांब!" मागून आवाज आला. लिलावाचे मॅनेजर येत होते. हातात माईक, गळ्यात शिट्टी. काकूंनी मनातल्या मनात त्यांचं बारसं उरकलं: भोंगासाहेब.

"दोरीच्या बाहेरच आहे मी. डोळे आत आहेत माझे, त्यांना बांधा हवं तर."

"प्रेक्षकांनी प्रेक्षकांच्या जागी बसायचं. चौकशी करायला आम्ही समर्थ आहोत."

"केलीत की चौकशी. गादीची," काकू म्हणाल्या. "एक सांगा साहेब, फाटकातून सेल्फ बाहेर गेला नाही, खोलीत सापडला नाही. मग गेला कुठे?"

"भिंतीवरून फेकला असेल."

"मग भिंतीपलीकडे बघितलंत?"

भोंगासाहेबांनी घड्याळ बघितलं. "भंगाराची रांग जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर तुमच्या भावाला सांगा, वस्तू परत दिली तर पोलिसांना जरा सबुरीनं घ्यायला सांगेन."

म्हणजे हातात होती ती फक्त जेवणाची सुट्टी.

३

म्हातारी भंगारात गेल्यानं फायदा कुणाचा? काकूंच्या हिशेबात तीन माणसं बसत होती. तिघांना त्यांनी एकच प्रश्न विचारायचं ठरवलं.

पहिला भंगारवाला. पोट सुटलेला, तोंडाचा फाटका, सावलीत टायरवर बसून डबा खात होता.

"काय हो, म्हातारी तुम्ही घेतलीत तर नेणार कशी?"

"नेतोय कशाला? इथंच कापणार. आधी काट्यावर ओढायची, वजन करायचं, मग हात तोडायचे, मग धड." त्यानं घास चावत चावत हातानं तुकडे करून दाखवले. "पण त्याआधी ते बकेट खाली करावं लागणार. कुणी शहाण्यानं टांगून ठेवलंय कोण जाणे. तुमच्या भावानंच असणार."

"माझ्या भावानं नाही!"

"असेल, नसेल. मला लोखंडाशी मतलब. आणि सेल्फ चोरायचा असता ना बाई, तर मी तांब्याच्या भावानं घरातल्या घरात विकला असता, इथं घास गिळत बसलो नसतो."

माणूस खडूस, पण बोलण्यात आडपडदा नव्हता.

दुसऱ्या खडीवाल्या बाई. स्वतःचं क्रशर चालवणाऱ्या, बुटांवर पांढरी धूळ, आवाज इंजिनावर मात करणारा. त्या आपल्या मिस्त्रीवर खेकसत होत्या.

"नेणार कशी म्हणजे? चालवत नेणार होते! उद्यापासून कामाला लावणार होते. आता बंद मशीन मला फुकट दिलं तरी नको. पाहिजे तेवढी बोली लावायची तयारी होती माझी, सगळ्या यार्डाला माहीत होतं." त्या थांबल्या आणि काकूंकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुमचे दादा ना ते? काल माझ्या मिस्त्रीची हत्यारांची पेटी जाताना तळापर्यंत उपसली त्यांनी. मी चिडले होते. असा माणूस चोरी करेल?"

काकूंना त्या बाई तिथल्या तिथे आवडून गेल्या.

तिसरे जाकीटवाले. प्रदर्शनांच्या दुनियेत त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. जुनी मशिनं जमवतात, नव्यासारखी करतात, दर प्रदर्शनात पहिलं बक्षीस उचलतात. काकूंच्या फोटोंच्या वहीत त्यांच्या गाड्यांना वेगळं प्रकरण होतं. त्यांचा लांब नाकाचा निळा ट्रक पाहुण्यांच्या रांगेत उभा होता, आणि ते रुमालानं त्याचा हेडलाइट पुसत होते.

"काकू! ऐकलं मी. फार वाईट झालं. दादांसारखा माणूस!" ते मनापासून हळहळले. "वकील लागला तर सांगा. खर्चाची काळजी करू नका."

काकूंना क्षणभर भरून आलं. दिवसभरात कुणी तरी गोड बोललं होतं. "म्हातारी तुम्ही घेणार का?"

"घ्यावीच लागेल. तिला कापताना बघवेल का आपल्याला? माझ्याकडे तिच्या बहिणी आहेत, तेवढी हीच राहिली होती."

"मग नेणार कशी?"

"आहे तशी. माझा ट्रेलर आणलाय ना."

"बकेट खाली करून?"

"छे छे, हात नाही लावायचा. एवढं जुनं हायड्रॉलिक, काही तरी फुटायचं. आहे तशीच नेईन. आणि वर बकेट किती रुबाबदार दिसतं! प्रदर्शनात आपण असंच ठेवतो, नाही का?" ते हसले आणि रुमाल झटकून पुन्हा काच पुसू लागले.

काकू परत वळल्या. दोन पावलं गेल्यावर त्यांना काहीतरी टोचलं. काय टोचलं ते कळेना, पण चपलेत खडा गेल्यासारखं ते त्यांच्याबरोबर चालत राहिलं.

४

"चहा घे," काका म्हणाले.

"नको."

"अगं, घे. रागावर चहा चालतो."

काकू घडीच्या खुर्चीत बसल्या. समोर लांबवर म्हातारी होती. कॅमेऱ्यातले कालचे फोटो त्या एकेक करून मागे नेऊ लागल्या. काल दिवसभर त्या यार्डात होत्या, पण बघत होत्या सगळं दुसरंच. एक रोलर. एक मोडका डंपर. जाकीटवाल्यांचा निळा ट्रक, सकाळच्या उन्हात लखलखणारा, आणि आरशावर वाळत टाकलेलं पिवळंधमक फ्लॅनेल. कापडाच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला फ्लॅनेल ओळखायला हात लावावा लागत नाही. उंची माल, काठाला लाल दोरा.

आणि आज रुमाल. खडा तो हा होता.

'असेल बाई, धुवायला टाकलं असेल,' त्यांनी स्वतःलाच समजावलं. ज्या माणसाच्या गाड्यांचे फोटो आपण इतक्या मायेनं चिकटवले, त्याच्याबद्दल असलं काही मनात आणायला जीव धजत नव्हता.

"अहो, दुर्बीण द्या."

दुर्बिणीत म्हातारीचं बकेट आलं. प्रदर्शनात असंच ठेवतात म्हणे! काकूंनी शेकडो लोडर प्रदर्शनात पाहिले होते. बकेट वर करतात हे खरं, पण वर करून पुढे वाकवतात. लोकांना दात दिसावेत, आतला ताजा रंग दिसावा, म्हणून. हे बकेट वाकलेलं होतं ते मागे. ओंजळीत पाणी धरल्यासारखं.

काकू बघत राहिल्या. प्रदर्शनासाठी असं धरत नाहीत. कामावर मात्र धरतात, आतलं काही सांडू नये म्हणून.

"अगो बाई!" त्या इतक्या झटक्यानं उठल्या की खुर्ची मिटली. "अहो, म्हातारीचं काही चोरीला गेलेलंच नाही!"

काकांच्या हातातला चहा सांडला. आणि तेवढ्यात भोंगा ओरडला, भंगाराची रांग सुरू होतेय, पहिलं मशीन पिवळा लोडर.

५

बोली फार चालली नाही. भंगारवाला किलोमागे एकेक रुपया चढत होता, जाकीटवाले शांतपणे त्याच्यावर जात होते. शेवटी भंगारवाल्यानं थुंकून हात झटकले. भोंगासाहेबांची हातोडी खाली आली.

"गेला! पिवळा लोडर जाकीटवाल्या साहेबांना!"

"धन्यवाद," जाकीटवाले म्हणाले. "आता कृपा करून कुणी हात लावू नका. माझी माणसं ट्रेलर लावतील."

"असं कसं?" भंगारवाला खदखदून हसला. "साहेब, भंगाराच्या रांगेतून पहिल्यांदाच घेताय वाटतं! माल वजनावर घेतलाय. आधी काट्यावर जायचं. आणि काट्याला छप्पर आहे. ते बकेट वर घेऊन म्हातारी आत शिरणार आहे होय?"

सगळे काट्याकडे बघू लागले. ठेंगणं पत्र्याचं छप्पर, खाली वजनाची लोखंडी पाटी. जाकीटवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"वजन करायची काय गरज? अंदाजानं धरा ना. हवं तर दीडपट धरा."

"दीडपट?" भोंगासाहेबांचे डोळे चमकले.

"दुप्पट धरा! पण बकेटला हात लावू नका."

आणि काकू दोरीखालून आत शिरल्या.

"बाई! बाहेर व्हा! खरेदीदाराशिवाय आत कुणी—"

"नाही होत!" काकूंचा आवाज भोंग्याशिवायच यार्डाच्या पार टोकाला पोचला. "सकाळी माझ्या भावाला या माईकवरून चोर म्हणालात, तेव्हा मी बाहेर उभी राहून ऐकलं. आता तुम्ही ऐका. लोखंड मिळेल तितक्या हलक्या वजनात घ्यावं, म्हणून इथं प्रत्येक जण घासाघीस करतो. आणि हे गृहस्थ दुप्पट वजन द्यायला निघालेत. कशासाठी? तर ते बकेट खाली येऊ नये म्हणून. का येऊ नये? कारण सेल्फ त्या बकेटात आहे!"

एकदम गलका झाला. खडीवाल्या बाई लोकांना कोपरांनी बाजूला सारत दोरीपाशी आल्या.

"हा काय आचरटपणा!" जाकीटवाले म्हणाले. "काकू, भावाच्या काळजीनं तुमचं डोकं ठिकाणावर नाही."

"माझं डोकं मानेवरच आहे. मला एवढंच सांगा, बकेट वर कशानं जातं? इंजिनानं. इंजिन चालू असल्याशिवाय ते वीतभरही हलत नाही. आणि सेल्फ काढल्यावर इंजिन सुरू होत नाही. मग बकेटात सेल्फ टाकून ते वर नेलं कसं?"

"तेच तर! शक्यच नाही."

"शक्य आहे, आणि एकाच तऱ्हेनं शक्य आहे. सेल्फचं काम इंजिन सुरू होईपर्यंत. एकदा ते धडधडायला लागलं की सेल्फ नुसता बसून असतो. जुनं डिझेल इंजिन आहे, बॅटरी तोडली तरी चालत राहतं. तुम्ही म्हातारी सुरू केलीत, चालू इंजिनावरचा सेल्फ सोडवलात, टेकलेल्या बकेटात ठेवलात, बकेट वर नेलंत, मागे वळवलंत, आणि मग इंजिन बंद केलंत. चालत होती तोवर कुणाला शंकाही आली नाही. बंद पडली ती कायमची."

खडीवाल्या बाईंचा मिस्त्री हळूच "बरोबर आहे, होतं तसं," म्हणाला.

"आणि साहेब," काकू भोंगासाहेबांकडे वळल्या, "म्हातारीचं इंजिन चालू असलं की भिंती थरथरतात. रात्री कुणी आवाज केला नाही, असं तुम्हीच म्हणता. मग हे काम रात्रीचं नाही. काल दिवसाचं आहे. चारी बाजूंना इंजिनं धडधडत होती, ज्याचं त्याचं डोकं कुठल्या ना कुठल्या बोनेटखाली होतं, तेव्हाचं. आणि काल दिवसभर, घंटा होईपर्यंत, दादा कुठे होता?"

"माझी पेटी उपसत होता!" खडीवाल्या बाई कडाडल्या.

"माझी डिकी!" दुसरं कुणी तरी म्हणालं. "माझी पिशवी!" काल ज्यांनी ज्यांनी दादाला शिव्या घातल्या होत्या, ते सगळे आज त्याचे साक्षीदार झाले. दादा फाटकापाशी उभा राहून ऐकत होता, आणि त्याची मान आता वर होती.

"ठीक आहे," जाकीटवाले ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले. "समजा असेल आत. पण मीच ठेवला कशावरून? भंगारवाल्यानं ठेवला असेल!"

"भंगारवाला आपणहून बकेट खाली करा म्हणतोय. आणि त्यानं ठेवला असता तर उघडाच टाकला असता, त्याला काय त्याचं? ज्यानं ठेवला त्याला तो पुन्हा बसवायचा होता. त्यात धूळ जाऊ नये, असं वाटणारा माणूस होता तो." पुढचं काकूंना बोलावंसं वाटत नव्हतं. "बकेट उतरवा. सेल्फ पिवळ्या फ्लॅनेलात गुंडाळलेला असेल. काठाला लाल दोरा. काल ते फ्लॅनेल या निळ्या ट्रकच्या आरशावर होतं, माझ्याकडे फोटो आहे. आज हे रुमालानं काच पुसतायत."

सगळ्यांच्या माना निळ्या ट्रककडे वळल्या. मग काकूंनी फाटकाकडे बघून हाक मारली, "दादा! चढ!"

"त्याला कामावरून काढलंय," भोंगासाहेब पुटपुटले.

"म्हणूनच. आता त्याला तुमचा नियम लागू नाही."

दादा दोरी ओलांडून आला, लोखंडी पायऱ्या चढला आणि दांडा हळूच पुढे ढकलला. ते थोरले हात आपल्याच वजनानं, सुस्कारा टाकत, खाली खाली आले आणि बकेट जमिनीला टेकलं. काकू वाकल्या. आतल्या खोलगट कोपऱ्यात एक गाठोडं होतं. पिवळंधमक. काठाला लाल दोरा.

६

जाकीटवाले आपल्या निळ्या ट्रकला टेकून उभे होते. "तुम्हाला तरी कळायला हवं, काकू," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या बाईंनी तिला नेलं असतं आणि खडीत घालून मारलं असतं. मला तेवढी बोली झेपली नसती. मी तिला वाचवत होतो."

"वाचवत होतात? आणि माझ्या भावाला गाडत होतात, ते?" काकूंचे डोळे भरले होते, पण आवाज पडला नाही. "मशिनाला धूळ लागू नये म्हणून तुम्ही उंची फ्लॅनेल खर्ची घातलंत. माणसाच्या नावाला चिखल लागतोय, त्याचं काहीच वाटलं नाही. वकील देणार होतात म्हणे!"

त्यांच्यावर पुढे काय करायचं ते भोंगासाहेबांनी पटकन ठरवून टाकलं होतं, म्हणजे काहीच करायचं नाही. मोठं गिऱ्हाईक. ते काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "वस्तू मिळाली, विक्री रद्द, लोडर रिंगणात जाईल. तुमच्या भावाची नोकरीही राहील. गैरसमज झाला, मिटला. आता वाढवू नका."

काकूंनी काकांच्या हातातून घडीची खुर्ची घेतली, उघडली, म्हातारीच्या बकेटात मांडली आणि तिच्यावर बसल्या.

"हे काय?"

"बसले. सकाळी चोर म्हणालात ते माईकवरून. आता नाही म्हणायचं तेही माईकवरूनच. आणि चोर कोण तेही. पोलिसांना सकाळीच कळवलंयत ना? येऊ देत, फक्त माणूस बदलला म्हणून सांगा. तोवर तुमची पुढची सगळी मशिनं थांबतील, कारण वाट म्हातारीनं अडवलीये आणि म्हातारी मी अडवलीये."

"बाई, हा हट्ट आहे!"

"आहेच!"

"मी पण नाही उठत," म्हणत खडीवाल्या बाई बकेटाच्या कडेवर बसल्या. भंगारवाला रिकामा डबा काखेत मारून आला आणि तोही टेकला. "मला आपलं बसायला जागा हवी होती," तो म्हणाला. काकांनी सगळ्यांना चहा ओतायला घेतला.

भोंगासाहेबांनी गर्दीकडे बघितलं. गर्दी त्यांच्याकडे बघत होती. शेवटी भोंगा खरखरला. "सर्वांनी लक्ष द्या. पिवळ्या लोडरचा सेल्फ... मिळाला आहे. तो एका खरेदीदारानं लपवला होता. त्यांची चौकशी होईल. रखवालदाराचा यात काहीही दोष नाही."

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही," काकू म्हणाल्या. "परत. आणि माफी राहिली."

भोंगा पुन्हा खरखरला. या वेळी पुरेसा मोठ्यानं. "दोष नाही. आम्ही त्यांची जाहीर माफी मागतो."

मिस्त्री आणि दादा मिळून सेल्फ बसवत होते तोवर कुणी जागचं हललं नाही. दादा वर चढला, किल्ली फिरवली. म्हातारी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि मग असा काही आवाज काढला की काट्याच्या छपराचे पत्रे वाजू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू बकेटात खुर्चीवरच बसून होत्या, दिवसभरात त्या कुणाच्या सांगण्यावरून उठल्या नव्हत्या, आणि आता तर त्यांना भावाबरोबर रिंगणात मिरवायचं होतं.

वरून दादानं डोकं बाहेर काढलं. "चिमणे, उतर."

"राहू दे रे! एकच फेरी!"

"बकेटात माणूस बसवायचा नाही. बाबांनी काय शिकवलंय? उतर म्हणतो ना!"

काकू मुकाट्यानं उतरल्या. खुर्ची मिटली, काकांच्या हातात दिली, आणि दोरीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दादानं बकेट जमिनीपासून जरासं उचललं आणि म्हातारी स्वतःच्या पायांनी रिंगणात निघाली.